परड्यात रानफुलं ठेवायची आहेत – काय उपटू, काय ठेवू?

पाचगावची_वैनी | ९ जून, रात्री १०.१२

मंडळी, बागकामवाले कोण जागे असाल तर जरा मदत करा.

पाचगावात घर आहे, मागं दीड गुंठ्याचं परडं. सासरे होते तोवर तिथं वांगी, घेवडा, दोडका सगळं असायचं. आता मी नि सासूबाई मिळून दोडक्याचा एक मांडव तेवढा टिकवलाय. गेल्या पावसाळ्यात वेल मांडवभर पसरला, फुलं ढीगभर, आणि दोडके मोजून सात. बाकीचे बोटाएवढे झाले, पिवळे पडले, गळाले. सासूबाईंचं म्हणणं, "माश्याच राहिल्या न्हाईत, दोडकं धरणार कुठनं?"

त्याच सप्टेंबरात आम्ही मसाई पठारावर जाऊन आलो आणि माझ्या डोक्यात शिरलं की परड्यात रानफुलं लावायची, मग माश्या-फुलपाखरं आपोआप येतील. ऑनलाईन 'रानफुलांचं मिश्र बी' मागवलं. किंमत ४२० रुपये. आकडा बघूनच शहाणपण यायला हवं होतं. पाकिटावर अमेरिकेतल्या कुठल्याशा गवताळ मैदानाचा झकास फोटो. नोव्हेंबरात पेरलं. निम्मं उगवलंच नाही. जे उगवलं तो पिवळा-नारिंगी कॉसमॉस, तो तर आमच्या रस्त्याच्या कडेला फुकट मिळतो.

आता मृगाचे दोन पाऊस झालेत आणि परडं आपलं आपण हिरवं व्हायला लागलंय. सासूबाई खुरपं घेऊन दारात उभ्या. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतलीय. काय उपटू, काय ठेवू?

बांधावरचा | १० जून, सकाळी ६.४०

वैनी, ४२० गेले ते गेले. आठ न्हाई, पंधरा दिवस मागून घ्या. दोन पानांवर असताना कुणाचंच नाव कळत न्हाई, चार-सहा पानं झाली की रोप सोताहून वळख देतंय.

ठेवायचं ते: तेरडा (पानाची कड करवतीसारखी, दांडा रसरशीत, लालसर), कुर्डू, टाकळा, केना, तिळवण, आघाडा, रानतुळस. टाकळ्याची नि कुर्डूची भाजी खाऊन उरलेलं ठेवा, सासूबाई बी खूश. उपटायचं ते पहिलं गाजरगवत. फुलायच्या आधी, मुळासकट, हातमोजं घालून. त्याला दयामाया न्हाई.

आणि माशीचं म्हणाल तर सासूबाई बरोबर बोलल्या. आमचा सगळा पट्टा उसाचा. उसाला माशी लागत न्हाई, कांडं पुरायचं नि पाणी सोडायचं. तुरा आला तरी ते वाऱ्याचं काम. मग माशीची आठवण कुणाला असणार? आमच्या आज्याच्या वेळी बांधावर तूर, तीळ, कारळं, अंबाडी असायची, खाली कुर्डू नि तिळवण. बांध हातभर रुंद होता. आता वीतभर हाय आणि त्यावर बी टू-फोर-डी (तणनाशक) मारत्यात. मी सोता मारलंय आठ वर्षं, खोटं कशाला बोलू. गेल्या दोन सालात बंद केलंय, कारण माझाच भोपळा धरंना.

दूरदेशी | १० जून, रात्री ८.०५

मी मूळचा कसबा बावड्याचा, सध्या मुक्काम इलिनॉय. वहिनी, पाकिटावरचा फोटो बहुतेक आमच्या इकडचाच असणार. या राज्याला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, म्हणजे छातीएवढ्या गवताचं आणि त्यात फुललेल्या रानफुलांचं माळरान. १८३७ मध्ये इथल्याच जॉन डीअर नावाच्या लोहारानं पोलादी नांगर केला, त्याला इथली चिकट काळी माती चिकटेना, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत सगळं माळ मक्याखाली गेलं. मूळचं प्रेअरी आता एक दशांश टक्कासुद्धा उरलेलं नाही. रेल्वेरुळाच्या कडेला आणि जुन्या दफनभूमीत तेवढं शिल्लक, कारण तिथं नांगर गेला नाही.

तुमचं बी उगवलं नाही यात तुमची चूक नाही. मिल्कवीडसारख्या इथल्या बऱ्याच बियांना आधी महिना-दोन महिने ओल्या गारठ्यात पडून राहावं लागतं, तेव्हा कुठं त्या जाग्या होतात. बर्फाखालचा हिवाळा त्यांना अंगवळणी पडलेला. कोल्हापूरच्या थंडीत त्यांना साधी डुलकीसुद्धा लागणार नाही.

मी शनिवारी इथल्या एका गटाबरोबर प्रेअरी परत लावायच्या कामाला जातो. पहिली दोन वर्षं जमिनीवर बघण्यासारखं काहीच नसतं, सगळा कारभार खाली चालतो. काही गवतांची मुळं आठ-दहा फूट जातात. लोक वैतागून विचारतात, हे तण कधी काढणार? तेव्हा खुरपं घेऊन उभ्या सासूबाई सगळीकडे आहेत.

सायकल_आणि_मिसळ | ११ जून, सकाळी ९.३०

एक शंका. माझ्या गच्चीवर कॉसमॉस आहे, त्यावर रोज फुलपाखरं असतात. घाणेरीवर तर झुंबड असते. मग हे देशी-परदेशी कशासाठी? मिरची, टोमॅटो, बटाटा पण परदेशीच. मिसळीत देशी काय उरलं मग?

सड्यावरून | ११ जून, दुपारी २.१५

मिसळीचा मुद्दा मान्य, पण मिरची स्वतःहून चालत जोतिबाच्या डोंगरावर जात नाही. कॉसमॉस जातो. त्याचं बी सुईसारखं, कपड्याला-जनावराला चिकटून फिरतं. एकदा उतारावर बसला की खालचा तेरडा, सोनकी, कवला यांना ऊन मिळत नाही. घाणेरी १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून भारतात आणली, आज ती कुठल्या जंगलात नाही ते सांगा.

दुसरं असं की फुलपाखरू फुलावर येतं ते मध प्यायला. अंडी घालायला त्याला पान लागतं, आणि तेही ठरलेलं. हॉटेलात चहा चांगला मिळतो म्हणून कुणी बाळंतपणाला तिथं जात नाही. तुमच्या गच्चीवरची फुलपाखरं गिऱ्हाईक आहेत, रहिवासी नाहीत.

रहिवासी हवे असतील तर ही सोयरीक बघा: कढीपत्ता आणि लिंबावर लाइम आणि मॉरमॉन फुलपाखरं, पानफुटीवर रेड पिएरो (त्याची अळी पानाच्या आत बोगदा करून राहते, पान उन्हासमोर धरलं तर दिसते), टाकळ्यावर ग्रास यलो, कोरांटीवर लेमन पॅन्सी. आणि रुईवर प्लेन टायगर. हा टायगर म्हणजे दूरदेशींच्या अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचा चुलतभाऊच.

दूरदेशी | ११ जून, रात्री ८.४०

अगदी. मोनार्कची अळी फक्त मिल्कवीड खाते, आणि मिल्कवीड रुईच्याच कुळातलं. इथं लोक मोनार्कसाठी अंगणात मुद्दाम मिल्कवीड लावतात, घरापुढं पाटी लावतात. आणि आमच्या बावड्यात शनिवारी मारुतीला माळ घालायला रुई शोधत फिरायचो, तिच्या पानामागची पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी चपलेनं चिरडायचो. आता इथं तसल्याच अळीला लहान मुलांच्या हातात ठेवून फोटो काढतात.

शाहूपुरीकर | १२ जून, सकाळी ११.००

सगळं छान, पण कुणी सापाचं बोलेना. परडं वाढलं की साप येतो, डास होतात. घरात म्हातारं माणूस आहे, वैनी विचार करा.

तेवढ्यावरनं आठवलं. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या मजल्यात पाणी होतं, बाग गेली. पाणी ओसरल्यावर वीतभर गाळ. आम्ही दोन महिने त्याला हात लावायच्या मनःस्थितीत नव्हतो. दिवाळीत बघतो तर गाळावर कधी न बघितलेली रोपं उभी. पंचगंगेनं कुठल्या कुठल्या शिवारातलं बी आणून टाकलं असेल कोण जाणे. त्यातली एक जांभळ्या फुलांची वेल होती, नाव कधी कळलं नाही. २०२१ च्या पुरात तीही गेली.

सड्यावरून | १२ जून, दुपारी १.२०

भीती बरोबर आहे. घराच्या भिंतीपासून पाच-सहा फूट पट्टा कापलेला ठेवा, पायवाट ठेवा, विटा-लाकडांचा ढीग घराला लागून नको. साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. उंदीर येतो उरलेल्या अन्नासाठी. आणि डास साठलेल्या पाण्यात होतात, तेरड्यावर होत नाहीत. टायर, कुंडीखालच्या ताटल्या आधी बघा.

विषाचं सांगायचंच तर कळलावीचं सांगा. फूल दिसायला आगीच्या ज्वाळेसारखं, आहे आपल्या मातीतलं, पण कंद जहाल विषारी. लहान मूल असलेल्या घरात नको. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

आणि एक हात जोडून विनंती: मसाई पठारावरनं, राधानगरीकडनं काहीही उपटून आणू नका. राधानगरी अभयारण्य तर २०१२ पासून कासबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथलं पान तोडणंसुद्धा गुन्हा. पण कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग शून्य. सड्यावर जांभ्या दगडावर बोटभर माती, पावसाळाभर पाणी, नंतर आठ महिने तवा. सीतेची आसवं ही इवली वनस्पती त्या निकस मातीत जगते ती पाण्यातले बारीक जीव पकडून. तिला तुमच्या शेणखताच्या वाफ्यात आणणं म्हणजे उपासाच्या माणसाला तांबडा रस्सा पाजण्यासारखं.

पाचगावची_वैनी | १२ जून, रात्री ९.५०

सगळ्यांचे आभार. साप हा शब्द सासूबाईंना वाचून दाखवलेला नाही.

ठरलं असं: परड्याचे दोन भाग. पुढचा त्यांचा, मागचा माझा. मधे जुन्या विटांची ओळ. माझ्या भागात खुरपं येणार नाही, त्यांच्या भागात माझी अक्कल येणार नाही.

बांधावरचा | १३ जून, सकाळी ७.१०

वाटणी झ्याक केली. कोर्टात न जाता झालेली पाचगावातली पहिलीच असंल.

एक कोपरा नुसत्या मातीचा ठेवा, त्यावर पाचट-बिचट पसरू नका, फरशी तर अजिबात नको. सगळ्या माश्या काय पोळ्यात राहात न्हाईत. आमच्या जुन्या गोठ्याची मातीची भिंत होती, तिला पेन्सिल जाईल एवढी भोकं. आम्ही समजायचो गांधीलमाशी. ती निळ्या पट्ट्याची माशी निघाली, एकटी राहणारी, सहसा न चावणारी. भिंत पाडून बिल्डिंग-ब्लॉक लावलं आणि वांग्याचं फूल गळायला लागलं, हा हिशेब मला लई उशिरा लागला.

सड्यावरून | १३ जून, सकाळी १०.००

बांधावरचे, हा हिशेब बरोबर लावलात. वांगी-टोमॅटोच्या फुलात पराग मिठाच्या डबीसारख्या नळीत असतो, वर नुसतं भोक. सातेरी किंवा आग्या माशीला तो झटकता येत नाही. निळ्या पट्ट्याची माशी आणि मोठा काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतात, तेव्हा पराग सांडतो. कान दिलात तर त्या वेळी आवाज बदललेला ऐकू येतो, जरा वरच्या पट्टीत.

पाचगावची_वैनी | २ ऑगस्ट, दुपारी ४.३०

बऱ्याच दिवसांनी येतेय. पावसानं वेड लावलं होतं.

तेरडा गुडघ्याच्या वर आलाय, दाट. कुर्डूला शेंड्यावर गुलाबी-पांढरी बोंडं धरायला लागलीत, केना खाली पसरलाय. टाकळा निम्मा भाजीत गेला. गाजरगवत तीनदा उपटलं, चौथ्यांदा येणार हे माहीत आहे.

पण आज घात झाला. तेरड्याची आठ-दहा रोपं नुसते दांडे उरलेत. बघितलं तर बोटाएवढी जाड काळपट अळी, अंगावर दोन्ही बाजूंनी डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग, आणि मागं चक्क शिंग. हात लावला तर शिंग पुढं-मागं हलवते, आपण रुमाल हलवून निरोप देतो तसं. अशा सहा मोजल्या. सासूबाई म्हणतात औषध मारा. मारू का? खरं सांगते, माझाही हात शिवशिवतोय.

सड्यावरून | २ ऑगस्ट, दुपारी ४.५५

थांबा!! मारू नका. हॉक मॉथ, म्हणजे मोठ्या पतंगाची अळी आहे. तेरडा हे तिचं ठरलेलं खाणं. शिंगानं काही होत नाही, नुसता देखावा. चार-पाच दिवसांत खाऊन जमिनीत उतरेल, मातीत कोष करेल. तेरडा मरत नाही, खालून परत फुटतो.

आणि तुमचा दोडका किती वाजता फुलतो, बघितलंय का कधी?

पाचगावची_वैनी | २ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०

आत्ता जाऊन बघून आले. सकाळी बंद होती ती फुलं पाचनंतर उघडलीत. पिवळीधमक. इतकी वर्षं दोडका लावतोय, हे कधी लक्षात आलं नव्हतं! संध्याकाळी आपण स्वयंपाकघरात असतो ना.

सड्यावरून | २ ऑगस्ट, सायंकाळी ७.४५

तेच तर. काकडी, तांबडा भोपळा सकाळी फुलतात, त्यांना दिवसाच्या माश्या. दोडका तिन्हीसांजेला दुकान उघडतो. त्याचं गिऱ्हाईक पतंग, आणि उजाडताना लवकर उठणाऱ्या माश्या. तुम्ही दिवसभर माशी शोधत होतात.

तोवर घाई असेल तर नर फूल (मागं फळ नसलेलं) तोडून मादी फुलावर हलकेच फिरवा. पण संध्याकाळी फुलं उमलल्यावर. दुपारी करून उपयोग नाही.

सायकल_आणि_मिसळ | ३ ऑगस्ट, सकाळी ८.१५

मी कॉसमॉस काढला नाही अजून. पण एका कुंडीत रुई लावलीय, शेजारचे म्हणतात घरात रुई अशुभ. त्यांना सांगितलं मारुतीची सोय आहे.

पाचगावची_वैनी | ६ सप्टेंबर, रात्री १०.३०

गौरी झाल्या. एक गंमत सांगायची राहिली.

दर वर्षी तेरडा बाजारातनं आणतो, पंचगंगेवर नेऊन, पूजा करून, गाणी म्हणत घरी गौर आणतो. यंदा जुडीला बाजारात ४० रुपये सांगितले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, घरी आल्या, विटांची ओळ ओलांडून सरळ माझ्या भागात शिरल्या आणि शोधून शोधून मोठे पाच तेरडे मुळासकट घेतले. गुलाबी तीन, पांढरे दोन. "गौर परड्यातनं आली तर चालतंय," एवढंच बोलल्या. शेजारच्या दोघींनीही आमच्याकडनंच नेला. भाजी-भाकरीच्या नैवेद्यात टाकळा होताच.

उरलेल्या तेरड्याच्या शेंगा पिकायला लागल्यात. बोट लावलं की फट्कन फुटतात, बी चार हात लांब. पुतण्याचा शाळेचा अभ्यास दोन दिवस बंद आहे.

दूरदेशी | ७ सप्टेंबर, सकाळी ७.००

वाचून बावड्यातलं घर आठवलं. आमच्याकडं आई अजून नदीवरच जाते.

एक विचारायचं होतं. इथं आम्ही वसंतात प्रेअरीचा एक तुकडा ठरवून जाळतो, सगळी परवानगी काढून, पाण्याच्या पाठपिशव्या घेऊन. त्यानं झुडपं मागं हटतात आणि गवत-फुलं जोमानं येतात. आपल्याकडं डोंगर पेटवतात तेही असंच काही चांगलं असतं का?

बांधावरचा | ७ सप्टेंबर, सकाळी ७.५०

न्हाई भावा, त्याची तुलना नको. तुम्ही एक तुकडा जाळता, बाकीचा किड्यांना ठेवता, आणि तोच तुकडा परत काही सालांनी. इथं फेब्रुवारीपासनं दर साली अख्खा डोंगर पेटतोय, का तर पुढच्या साली गवत चांगलं येतंय म्हणून. कारवीसारखं झुडूप सात-आठ वर्षं वाढून एकदा फुलतं, ते कधी फुलणार? पाटगावकडं मधाचं गाव केलंय, तिथल्या माणसाला विचारा वणव्यानं काय होतं ते.

दुसरी खोड म्हणजे माळावर झाडं लावायची. दिसला मोकळा माळ की खड्डा मार, फोटो काढ. माळ रिकामा न्हाई हो, तिथं गवत राहतंय, फुलं राहात्यात. गायरानाला बी पडीक म्हणत्यात कागदावर.

सड्यावरून | ७ सप्टेंबर, दुपारी १२.१०

+१. तुमची प्रेअरी ती आमचा माळ. तिकडं नांगरानं घालवली, इकडं चांगल्या मनानं घालवतोय.

वहिनी, आता खरी परीक्षा दिवाळीला. साफसफाईच्या झटक्यात मागचा भाग कापू नका. दांडे वाळून उभे राहू देत, संक्रांतीनंतर कापा. का, ते संध्याकाळी साडेसहाला बॅटरी घेऊन बघा.

पाचगावची_वैनी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.१५

बघितलं. अजून अंगावर काटा आहे.

आघाड्याचा एक वाळका दांडा. त्यावर एकाखाली एक सात माश्या. निळसर पट्टे, अंगावर तपकिरी लव. पाय पोटाशी घेतलेले, पंख मिटलेले, आणि दांडा धरलाय तो फक्त दातांनी. नुसत्या जबड्यावर लोंबकळत झोपल्यात. वाऱ्यानं दांडा हलला तरी एकही जागी झाली नाही. सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पदरानं बॅटरीचा उजेड झाकला, म्हणाल्या, "डोळ्यावर नको मारू."

सड्यावरून | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

हे नर आहेत. मादी मातीत घर करते आणि तिथंच झोपते, नरांना घर नाही. रोज संध्याकाळी बहुतेक त्याच दांड्यावर येतात. म्हणून म्हटलं, कापू नका.

शाहूपुरीकर | २० ऑक्टोबर, सकाळी १०.२०

साप आला का?

पाचगावची_वैनी | २० ऑक्टोबर, सकाळी १०.४५

एक धामण आली होती ऑगस्टमध्ये. पुढच्या भागात, सासूबाईंच्या विटांच्या ढिगात. आली तशी गेली, आणि कोठीतले उंदीर त्यानंतर दिसले नाहीत.

दोडक्याचं राहिलंच. यंदा एकोणतीस. पहिले काही हातानं फूल फिरवून धरलेले, नंतर मी विसरून गेले आणि तरी धरत राहिले. पतंग एकदाच दिसला, मांडवाखाली, फुलासमोर हवेत थांबलेला. मोबाईल काढला, फोटोत पिवळं फूल आणि शेजारी धुरासारखं काहीतरी एवढंच आलंय.

कुर्डूचं आणि तेरड्याचं बी जुन्या पेढ्याच्या डब्यात भरून ठेवलंय, दोन-तीन घरांना पुरेल. रविवारी सकाळी दहानंतर घरी आहे. बांधावरचे, तुम्हाला तीळ आणि कारळं मागितलं होतं, ते घेऊन या. रिकाम्या हातानं आलात तर नुसता चहा मिळेल.

बांधावरचा | २० ऑक्टोबर, दुपारी १.०५

येतोय. कारळं हाय, तीळ थोडाच राहिलाय. दोडकं किती शिल्लक?